रांजणाखालचा स्टँड

आमच्याकडे त्या वस्तूला सगळे रांजणच म्हणतात. खरं तर ती कोळशावर चालणारी चिनीमातीची भट्टी. जाड, हिरवी, गोल पोटाची, वर बिजागरीचं झाकण. माझ्या नवऱ्यानं, रजतनं, मस्कतहून फोनवर ठरवली आणि हैदराबादच्या दुकानातून ट्रकनं पांढरकवड्याला पाठवली. चौघांनी मिळून ती आमच्या रस्त्यालगतच्या शेडमध्ये विटांवर ठेवली, तेव्हा माझे सासरे पुंडलिकराव तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "यात पानी गार राह्यते का?"

रजत मस्कतच्या एका हॉटेलात अशाच भट्टीवर काम करतो. दिवाळीला त्याचा करार संपणार, तो कायमचा परत येणार आणि कपाशीच्या वावराच्या कडेला आमचं स्वतःचं जेवणाचं हॉटेल सुरू होणार, असं ठरलेलं होतं. मी तीन वर्षं याच एका गोष्टीवर काढली. कोणी विचारलं की सांगायचे, दिवाळीला येतात.

भट्टी आली, पण तिच्यासोबतचं सामान वेगळं घ्यायचं होतं. दुपारी त्याची कामाची गर्दी ओसरली की फोन यायचा आणि आम्ही दोघं आपापल्या मोबाईलवर त्याच वस्तू बघत बसायचो. इतर बायकांचे नवरे फोनवर गोड बोलत असतील, माझा राख ओढायच्या पळीबद्दल बोलायचा. पण मला तेही आवडायचं, खोटं कशाला बोलू. कधी त्याचं बोलणं संपलं तरी मी उगाच एखाद्या चिमट्याबद्दल विचारायचे.

मुकाट्यानं हो म्हणणं मात्र मला जमत नाही. अस्वलाच्या नखांसारखे दोन पंजे होते, शिजलेलं मटण ओरबाडायला.

"हे कायले? देवानं बोटं दिली नाई का आपल्याले?"

तो हसला आणि पंजे घ्यायचे राहिले. आतली आच मोबाईलवर कळवणारी सळईही मी नको म्हटली, झाकणावर आच दाखवणारा काटा होताच. पण कोळशाच्या वर ठेवायची जाड तबकडी त्यानं नीट समजावली. ती आच अडवते, मग वरचा जिन्नस खालून करपत नाही, चहूकडून भाजतो.

"मंग यात रोडगे होतीन," मी म्हटलं. "तो सपाट दगडही घ्या."

"तो पिझ्झाचा हाय."

"असन तिकडं. माह्या घरी तो रोडग्याचा."

पार्सल आलं आणि पहिल्याच दिवशी मी रोडगे लावले, दगडावर कणकेचे गोळे आणि बाजूला भरताची वांगी. सासऱ्यांनी रोडगा फोडला, तूप घातलं आणि बराच वेळ चावत राहिले. "गवरीचा वास नाई," ते म्हणाले, "पण दाताखाली राखही नाई." आमच्या घरात याहून मोठं कौतुक कोणाच्या वाट्याला आलेलं नाही.

पार्सलमधले जाड हातमोजे मात्र छोटे निघाले. रजतचे हात फावड्याएवढे, आणि हे मोजे माझ्या हाताला अगदी नेमके बसले. दुकानवाल्यानं चुकीचे पाठवले, परत करते, असं मी त्याला सांगितलं.

"राहू दे," तो म्हणाला. "तुले होऊन राह्यले ना?"

मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी रोडग्यांच्या आनंदात होते.

उरला भट्टीखालचा स्टँड. तयार स्टँड नाजूक दिसत होते, म्हणून तो पांढरकवड्याच्या अमर वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायचं ठरलं. मी उंची विचारली.

"भाजाची जाळी कमरेच्या जराशी खाली आली पाह्यजे. नाई तर वाकून वाकून पाठ जाते."

"तुमच्याच कमरेच्या ना?"

"तुह्या," तो म्हणाला.

"भट्टीवर तुमी उभं राह्यणार का मी?"

"सुरुवातीले तूच."

"सुरुवातीले म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. हॉटेलनं त्याला मुख्य आचारी केलं होतं. त्यानं करार दोन वर्षांनी वाढवला होता आणि सही करूनही टाकली होती. तू सुरू कर, बाबा आहेत, मी फोनवर सगळं सांगत जाईन, असं तो म्हणत राहिला. मी फोन ठेवून दिला.

मला तो हवा होता. हॉटेल नको, भट्टी नको, तो. वावरातून घरी आले की दारात त्याच्या चपला दिसायला हव्या होत्या. लहान हातमोजे निवडताना, कमरेचं माप ठरवताना, त्यानं मनातल्या मनात स्वतःला त्या शेडमधून वगळून टाकलं होतं, आणि मी मात्र पळ्या-चिमट्यांवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरची त्याची पँट पिशवीत घातली. तीन वर्षं तो नाही, पण ती मी धुऊन, इस्त्री करून ठेवते. अमरच्या दुकानात ती टेबलावर पसरली आणि म्हटलं, माप पायापासून पट्ट्यापर्यंत धर, जाळी त्याच्या जराशी खाली आली पाहिजे.

"वहिनी, भट्टी चालवणार कोण?" त्यानं विचारलं.

"ज्याची पँट हाय तो."

स्टँड मजबूत झाला. त्यावर भट्टी चढवली तर झाकण उघडायला मला टाचा उचलाव्या लागू लागल्या. मी विटा मांडल्या, त्यांवर घरातला जेवणाचा पाट ठेवला आणि वर उभी राहिले. पाट डुगडुगत होता, पण हात पुरला.

त्या दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि रोडगे उलटत राहिले.

"स्टँड चांगला झाला," तो म्हणाला. "पण तू आज एवढी उंच काहून दिसून राह्यली?"

मी मोबाईल उचलला आणि खाली पायांकडे धरला. विटा, पाट, माझी पावलं. "तुमच्या पँटीच्या मापानं बनवला," मी म्हटलं.

त्याच्या मागे कोणीतरी भांडी आदळत होतं.

"पाट हालून राह्यला, पडशीन," तो म्हणाला. "विटा सिमेंटनं पक्क्या करून घे."

"नाई करत," मी म्हटलं. "तुमी आले का हा पाट काढाचा हाय."