लंकाबाईंचं शुद्धीकरण

चांदवडच्या लंकाबाई हिवाळ्यात नाशिकला मुलाकडे, शेखरकडे राहायला आल्या आणि सूनबाईंच्या आरोग्यज्ञानाला हक्काचा रुग्ण मिळाला. तेजस्विनीने नुकताच मोबाइलवर आहारशास्त्राचा कोर्स केला होता. प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं होतं.

लघवीला जळजळ होते, डॉक्टरकडे जाऊन येते, असं लंकाबाई म्हणाल्या. तेजस्विनीने त्यांना खाली बसवलं. डॉक्टर काय, गोळ्याच देणार. तिने कॉलेज रोडवरून क्रॅनबेरी ज्यूसचे खोके आणले. नाशिकभोवती चहूकडे द्राक्षांचे मळे, पण औषधी गुण यायला फळाने अमेरिकेतूनच यावं लागतं. रोज तीन मोठे ग्लास ठरले.

लंकाबाईंना ती आंबट-गोड चव मुळीच रुचली नाही. पोट बिघडलं, तेव्हा तेजस्विनी म्हणाली की आतडी साफ होतायत. दंडावर काळेनिळे डाग उठले, तर विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. जळजळ होती तशीच होती, पण निसर्गाला वेळ द्यायला हवा. शेखरने मान डोलावली. तेवढंच त्याचं घरातलं काम होतं.

एका सकाळी दात घासताना हिरडीतून आलेलं रक्त थांबेचना. बेसिन लाल झालं. कोर्समध्ये यावर धडा नव्हता. रिक्षा करून तिघं दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी आधी चालू गोळ्या विचारल्या. लंकाबाईंच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ ठेवायची गोळी त्या रोज घेत होत्या. तपासणीत रक्त फारच पातळ झालेलं निघालं. एवढा ज्यूस प्यायल्याने काहींच्या बाबतीत त्या गोळीचा असर वाढू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय त्यातली साखर. आणि एवढ्या दिवसांत जंतुसंसर्ग मजेत वाढला होता.

लंकाबाईंना दाखल करून घेतलं. तेजस्विनी कॉटशेजारी बसून राहिली.

"आई, अशी गोळी चालू आहे हे मला सांगायचं नाही का?"

"तू कुठं इचारलं? अन् एवढ्या कौतुकानं ग्लास भरून आणायची. मला नाय म्हणवंना."

तेजस्विनी रडली. अगदी खरं रडली.

चार दिवसांनी लंकाबाई बऱ्या होऊन घरी निघाल्या. पथ्य समजावून डॉक्टर उठणार, तेवढ्यात तेजस्विनीने वही उघडली आणि नम्रपणे विचारलं, "मग सर, बीटाचा ज्यूस चालेल का?"

डॉक्टर परत खुर्चीत बसले.