पारा धरून ठेवणारा कोळसा

मित्रांनो, मी पऱ्हाटीचा जुना कोळसा. वेचणी संपली की कपाशीची जी वाळकी झाडं शेतात उरतात, ती पऱ्हाटी. माझा जन्म वलगावचा. बंद पिंपात, जेमतेम हवेवर मला भाजलं. मग अमरावतीच्या ज्योत्स्ना मॅडमनी प्रयोगशाळेत मला क्षाराच्या पाण्यात मुरवलं आणि वाळवलं. दगडी कोळसा जळताना धुरातून पारा निघतो. डोळ्यांना न दिसणारं ते विष मी धरून ठेवावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

अकोल्याजवळच्या एका कारखान्यात मला जाळीच्या पेटीत भरून धुराच्या वाटेवर बसवलं. बॉयलर सांभाळणाऱ्या खुशालरावांचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"पऱ्हाटीनं पारा थांबते म्हणता, मॅडम?"

"मोजून बघा ना, काका."

त्यांनी मोजलं. माझ्यातून पार झालेल्या धुरात पारा फारच कमी निघाला. ते म्हणाले, "मीटर बिघडलं असन." दुसरं मीटर आणलं, तरी आकडा तोच! तेव्हा कुठे त्यांनी पेटीवर थाप मारली. त्या थापेनं मी सुखावलो.

पण माझ्यात पारा गच्च भरला आणि माझं कौतुक सरलं. मला पोत्यात भरून शेडमागे टाकलं. नवा कोळसा पेटीत बसला. माझ्याकडे कोणी फिरकेना.

खरं तर मला सीलबंद पिंपात घालून विषारी कचऱ्याच्या जागी न्यायचं होतं. ते काम कारखान्याची गाडी चालवणाऱ्या गजेंद्रकडे होतं. त्याने मला गाडीत टाकलं, पण गाडी शहराकडे वळली. माझ्या मनात पाल चुकचुकली: कचऱ्याच्या जागी भरायचे पैसे हा खिशात घालणार!

गाडी थांबली ती आबेदाबींच्या इस्त्रीच्या दुकानापुढे. त्या अजून कोळशाची इस्त्री वापरत. दुकान एवढंसं, खिडकी नाही.

"घ्या, चाची. फुकट आहे."

"फुकट? काहून?"

"कारखानेवाले फेकून राहिले."

आबेदाबींची नजर त्याच्या हातांवर गेली. "मंग हातमोजे कायले घातले?"

"हात काळे होतात ना."

"मेरी जिंदगी गेली कोळशात. काढ ते हातमोजे, अन् दे मले एक तुकडा उघड्या हातानं."

गजेंद्रने हात मागे घेतले. मी आतून ओरडत होतो, पण कोळशाला आवाज कुठला! इस्त्रीत पेटलो असतो, तर धरलेला सगळा पारा त्या खोलीत सुटला असता.

"पोतं बाहेरच राहू दे," त्या म्हणाल्या. पोत्यावर कारखान्याचं नाव होतं. त्यांनी शेजाऱ्याकडून नंबर शोधून घेतला आणि फोन लावला. गजेंद्र गाडी घेऊन पसार झाला.

खुशालराव धापा टाकत आले. "बाई, पेटवला त नाही ना?"

"नाही पेटवला. पण तुमी या कोळशावर नजर काहून नाही ठेवली?"

खुशालरावांनी मला पिंपात घालून झाकण स्वतः आवळलं आणि ठरलेल्या जागेपर्यंत सोबत आले. गजेंद्रचं काम गेलं.

मित्रांनो, विष पकडणाऱ्याला शाबासकी देऊन विसरू नका. मी पारा संपवलेला नाही, नुसता धरून ठेवला आहे. इथे गजेंद्रसारखं कोणी आलं, तर त्याला विचारा, कुठे नेतोस म्हणून. आणि खरं सांगू? माझ्यावरही भरवसा ठेवू नका. अधूनमधून येऊन झाकण घट्ट आहे ना, ते बघत जा.