पायाने चालणारं मशीन

हरिहरने विचारलं, "कसलं मशीन?" आणि चित्राने खरं तेच सांगितलं. स्वीडिश आहे, जुनं आहे, सध्या बंद आहे, पायाने चालू होतं. कंपनीचं नावही सांगितलं, हुस्क्वार्ना. हरिहरने ते लगेच मोबाइलवर शोधलं, तर समोर एक देखणं शिवणयंत्र आलं. या कंपनीने शिवणयंत्रं बनवली होती, तशा चिखलातून आणि खड्ड्यांतून उड्या मारत जाणाऱ्या मोटरसायकलीही बनवल्या होत्या. पण हरिहर पहिल्या चित्रावरच थांबला.

"वा," तो म्हणाला, "आईला आनंद होईल."

चित्रा वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत मापाची उपकरणं तपासायची. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं आणि न विचारलेल्याचं द्यायचं नाही, ही तिची पंचवीस वर्षांची सवय. ती काही घरी आल्यावर सुटत नसे.

डोंबिवलीत, ते राहत त्याच इमारतीच्या तळमजल्यावर तिच्या सासूबाईंचा, विमलाबाईंचा, गाळा होता. तिथे पस्तीस वर्षं त्यांचा शिवणक्लास चालला. गुडघे दुखायला लागल्यावर क्लास बंद झाला, मशिनं गेली, एक तेवढं वर घरात आलं. आता हरिहरला तो गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या धनेशला द्यायचा होता. विमलाबाईंना कव्हरांचं कौतुक नव्हतं. सुनेचं मशीन येतंय म्हटल्यावर त्यांनी निकाल दिला, की दसऱ्याला गाळ्यात मशीन चालू दिसलं तर गाळा चित्राचा, नाही तर धनेशचा. हरिहर कबूल झाला. चित्राला बटणसुद्धा धड लावता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

चित्राला दुसरी जागाच नव्हती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुटे भाग मांडले असते, तर सेक्रेटरींनी पहिल्याच रविवारी भंगारवाल्याला हाक मारली असती. गाळा गेला की गाडी गेली, इतका सरळ हिशोब होता.

गाडी तिला ठाण्याच्या बाळकुमला, धाकू नावाच्या एका गावकऱ्याकडे मिळाली होती. धाकूचे वडील एका परदेशी इंजिनियरच्या बंगल्यावर राखणीला होते. साहेब मायदेशी गेला, गाडी यांच्या परड्यात राहिली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तिच्या हँडलवर दुधीचे किती वेल चढले नि वाळले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

"कनाला पायजे गो बाय तुला ही गारी?" धाकूने विचारलं.

"चालवायला."

धाकू एवढा हसला, की काय झालं ते बघायला त्याची बायको मालन हातातलं काम टाकून बाहेर आली. मग दोघांनी मिळून वेल अलगद सोडवला आणि गाडीबरोबर एक दुधीही दिला.

टेंपो शीळफाट्यावरून आला. इंजिन खोक्यात, चाकं गोणपाटात, सांगाडा जुन्या चादरीत. हरिहरने चादरीवरून हात फिरवला आणि स्टँड एवढा लांब कसा, असं विचारलं.

"स्वीडनची माणसं उंच असतात," चित्रा म्हणाली. यातही खोटं काही नव्हतं.

त्यानंतर रोज कामावरून आल्यावर ती दीड तास शटर अर्धं ओढून बसू लागली. इंजिन गंजून घट्ट बसलं होतं. तिने त्यात डिझेल ओतून ते आठ दिवस तसंच ठेवलं. नवव्या दिवशी ते केसभर हललं, तेव्हा तिने तारीख टिपून ठेवली. सिलिंडरचं माप सहा ठिकाणी घेतलं, पिस्टनच्या रिंगा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतल्या, कार्बोरेटरची बारीक भोकं गिटारच्या तारेने मोकळी केली. तिच्या कपड्यांना तेलाचा वास येई. मशीन म्हटलं की तेल आलंच, असं हरिहर स्वतःच म्हणे. त्याने इमारतभर सांगून ठेवल्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या रसिकाने दोन ब्लाउजपीस पाठवले. मला शिवता येत नाही, असं सांगून चित्राने ते परत केले. रसिकाला तो विनय वाटला.

अडलं ते सीटच्या कव्हरपाशी. चित्राने खाकी कागदावर माप बेतलं आणि काळं रेक्झिन घेऊन ती सासूबाईंकडे गेली. एक कव्हर शिवायचंय, एवढंच म्हणाली. नुसत्या कागदावरून कुणाला काय कळणार, असा तिचा अंदाज होता. पण विमलाबाईंनी जन्मभर कागदावरून माणसं ओळखली होती. त्यांनी चष्मा लावला आणि कडेवरून बोट फिरवलं.

"हे अंगावर घालायचं नाही."

"नाही."

"अंगाखाली घ्यायचंय. दोन्हीकडे पाय टाकून." त्यांचं बोट निमुळत्या टोकाशी थांबलं. "आणि इथे पुढे टाकी."

चित्राने रेक्झिनची घडी उलगडली. प्रश्न विचारलाच नव्हता.

"कोण बसणार?"

"मी."

"मग इथे दीड इंच वाढव. आपलं माप आपण घेतलं की कमीच येतं." त्यांनी खडूने रेघ ओढली. "हरीला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

विमलाबाईंनी सुईत जाड दोरा घातला. "मीही नाही विचारलं हो," त्या म्हणाल्या.

दसऱ्याच्या सकाळी हरिहर झेंडूचा हार आणि पूजेचं ताट घेऊन खाली आला. बरोबर धनेश, फळ्या कुठे ठोकायच्या ते बघायला टेप घेऊन. मागून कठडा धरत विमलाबाई. चित्राने चादर ओढली. लाल टाकी, उंच मडगार्ड, दातेरी टायर. हरिहरच्या हातातलं ताट थोडं कललं, एक सुपारी घरंगळली.

धनेशने गाडीच्या उजव्या बाजूने वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, की हिला किकच नाही, चालणार काय कप्पाळ. चित्राने डाव्या बाजूची किक बाहेर काढली आणि मारली. काही नाही. दुसरी मारली. तिसरी, चौथी. सगळी मापं बरोबर होती, ती मनात एकेक पडताळत होती आणि तिचे कान तापत होते. धनेशने भिंतीला टेप लावला.

"बाई गं," विमलाबाई दारातून म्हणाल्या, "दोरा ओवलास का?"

मशीन चालत नाही म्हणून रडवेल्या झालेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी आधी हेच विचारलं होतं. चित्राने खाली पाहिलं. पेट्रोलचा कॉक बंद होता. तिने तो उघडला, दहापर्यंत आकडे मोजले आणि किक मारली.

आवाज असा झाला, की समोरच्या झाडावरची कबुतरं उडाली. गाळा निळ्या धुराने भरला. धनेश खोकत टेप गुंडाळत बाहेर पडला आणि परत आत आला नाही.

"आई," हरिहर ओरडून म्हणाला, कारण नुसतं बोलून ऐकू येणं शक्य नव्हतं, "हे शिवणाचं मशीन आहे?"

"शिवणाचं कोण म्हणालं होतं?"

हरिहर आठवू लागला. शेवटी त्याने ताट सरळ धरलं, कुंकवात बोट बुडवलं आणि बायकोला विचारलं, कुठे लावू.

"टाकीवर लावा," चित्रा म्हणाली. "त्या नळीला नको, चटका बसेल."