टिपऱ्यांची फी

मालिनीबाई उपासनींचं आयकर विवरणपत्र टिपरे दरवर्षी भरून देत आणि फी म्हणून घरातली एक खोली घेऊन जात. पैशाला ते शिवत नसत, अशी मिरजेत त्यांची ख्यातीच होती. काम झालं की ते खोली सतरंजीसारखी गुंडाळत, काखोटीला मारत आणि ‘येतो वहिनी’ म्हणून जिना उतरत. आधी दिवाणखाना गेला, मग देवघर, मग झोपायची खोली. आता स्वयंपाकघर तेवढं उरलं होतं. बाई आणि त्यांचे यजमान दिगंबरराव ओट्याखाली पाय घालून तिथेच झोपत. टेलिफोन खात्यात बाईंनी जन्मभर गावोगावचे फोन जोडले, पण हा फॉर्म आपल्याला झेपायचा नाही, हे टिपऱ्यांनी त्यांच्या गळी उतरवलं होतं.

यंदा बँकेत कुणीतरी सांगितलं, की सरकारच्या साइटवर विवरणपत्र घरबसल्या फुकट भरता येतं. दिगंबररावांचा विश्वास बसेना. फुकट ते पौष्टिक हे खाण्यापुरतं, सरकारदरबारी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पण स्वयंपाकघरही गेलं तर राहायचं कुठे, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनीच मोबाइल बाईंपुढे सरकवला.

बाईंनी मोबाइलवर साइट उघडली. फॉर्म आधीच बराचसा भरलेला होता. पेन्शन, व्याज, कापलेला कर, सगळं जागच्या जागी. एवढ्यासाठी आपलं देवघर गेलं, म्हणून बाईंना संतापच आला. त्यांनी सगळं ताडून पाहिलं आणि फॉर्म सादर केला. पडताळणीसाठी साइटने ओटीपी पाठवला, तो जिन्यात वाजला. खातं उघडताना टिपऱ्यांनी स्वतःचाच नंबर घातला होता. जिन्यावर चपला वाजू लागल्या, आणि स्वयंपाकघराचा एक कोपरा आपसूक वळायला लागला.

“अहो, त्या कोपऱ्यावर बसा.”

दिगंबरराव बसले. खाली आणखी एक पर्याय होता, आधारला जोडलेल्या नंबरचा. तो नंबर बाईंचा स्वतःचा होता. आकडे आले, त्यांनी घातले, पडताळणी झाली. चपला थबकल्या आणि खाली उतरू लागल्या.

बाईंना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी फरशीवरच बसकण मारली. भिंतीपलीकडे खोल्या एकेक उलगडत होत्या. देवघरात निरांजन अजून तेवत होतं.

शेवटी आणखी एक खोली उलगडली, ती त्यांची नव्हती. खोलीसकट गुंडाळले गेलेले एक अनोळखी आजोबा तिथे खुर्चीत बसले होते.

“ताई, हे फुकट असतं म्हणतात, ते खरं का?”

“खरंय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा पुसला. “आधारला नंबर तुमचाच आहे ना?”

“तोही टिपऱ्यांनीच जोडून दिलाय,” आजोबा जिन्याकडे बघत म्हणाले.