जोडमोराच्या पाठीवरचा ठिपका

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. माझी बायको कमळा म्हणते हा माझा रोग आहे. मी म्हणतो हा माझा धंदा आहे. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका फोल्डिंग खात्यात तेवीस वर्षं मी कापड तपासतोय. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका टेबलावर ओढायचा, तुटका धागा, डाग, विरळ पट्टा शोधायचा, आणि पास केला की टोकाला आपली खूण करायची. माझी खूण म्हणजे निळा ठिपका. उद्या व्यापारी दुसऱ्याचाच फाटका ताका आणून माझ्या, म्हणजे केसरीनाथच्या, माथी मारायला लागला, तर ठिपका दाखवायचा की त्याचं तोंड बंद. अशी माणसं रोज भेटतात, म्हणून सांगतो.

छंद एकच, काडेपेटीवरचे छाप जमवायचे. माझा बाप शेलारहून खाडीत होडी घेऊन जायचा, आणि त्याच्या कमरेला बिडीबरोबर जी पेटी असायची तिच्यावर गलबत होतं. त्या गलबतांचे सहा छाप निघाले होते. पाच माझ्याकडे आहेत. सहावा, काळ्या शिडाचा, वीस वर्षं शोधला. भिवंडी झाली, अंबाडीचा बाजार झाला, भंगारवाले झाले, कुठंच नाही. आणि २००६ च्या पावसाळ्यात भुसावळहून धम्मपालचं पत्र आलं की काळं शीड त्याच्याकडे आहे, जादा आहे, आणि बदल्यात त्याला माझा जोडमोर, दोन मोरांचा छाप, हवाय.

हा धम्मपाल तिकडे एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो. छाप जमवणाऱ्यांच्या पत्त्यांची एक यादी झेरॉक्स होऊन फिरते, तिच्यातून आमची ओळख. पाच वर्षं पत्रं चालू होती, पण तोंड कधी पाहिलं नाही, आवाजही ऐकला नाही. तो बोलताना अडखळतो, हे त्यानंच एकदा लिहिलं होतं. शाळेत मुलं हसतात, म्हणून तो चारचौघांत गप्प असतो आणि जे काय बोलायचं ते मला चार-चार पानं लिहितो. "प्रिय मित्र केसरीनाथ" अशी सुरुवात. मी उलट पोस्टकार्डावर सहा ओळी टाकायचो. आता कळतं, माणसानं थोडं जास्त लिहायला हवं होतं.

आमच्या देवाणघेवाणीची रीत अशी. दोघांनी एकाच दिवशी पाकीट पोस्टात टाकायचं आणि टाकलं की मिस कॉल द्यायचा. छाप पसंत पडला नाही तर आठ दिवसांत परत पाठवायची मुभा. ह्या आठ दिवसांनीच माझी झोप उडवली. माझा जोडमोर एकुलता एक. धम्मपालनं अस्सल ठेवून घेतला, आणि रंगीत झेरॉक्स काढून "पसंत नाही बुवा" म्हणत परत धाडली, तर मी कुणाकडे जाऊ?

"पाच वर्सं झाली, त्या मानसानं तुमाला कदी फसवलान काय?" कमळा म्हणाली.

"फसवायला काही होतंच कुठं आजपर्यंत?" मी म्हणालो. "साधे छाप होते सगळे. खरा माल आत्ता निघतोय."

"धन्य हाव तुमी," म्हणत ती आत गेली.

मग मी काय केलं, तर खात्यातली खुणेची शाई कागदाच्या पुडीत घरी आणली, टाचणीचं टोक बुडवलं आणि जोडमोराच्या पाठीवर, म्हणजे छापाच्या मागच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, मोहरीच्या दाण्याहून बारीक ठिपका दिला. माझी खूण. आता आण म्हटलं झेरॉक्स.

ठरल्या दिवशी पाकीट टाकलं. संध्याकाळी त्याचा मिस कॉल आला, तरी मनात आलंच की मिस कॉल द्यायला काय जातं. पाचव्या दिवशी त्याचं पाकीट आलं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, बटर पेपरात गुंडाळून काळं शीड. धागे मोजायची काच लावून मी ते अर्धा तास उलटंसुलटं केलं. अस्सल होतं. कुठं दुमड नाही, डाग नाही. मी ते बाकीच्या पाचांशेजारी ठेवलं आणि खरं सांगतो, बापाची आठवण येऊन डोळे भरले. पण आठ दिवस संपेपर्यंत मन थाऱ्यावर नव्हतंच.

त्याचं पाकीट आल्यापासून नवव्या दिवशी पत्र आलं. ह्या वेळी एकच पान.

"प्रिय मित्र केसरीनाथ, जोडमोर मिळाला. तुम्ही तो जिवापाड जपला होता, पण माझ्या घरात त्याची नासाडी झाली. मी शाळेत असताना पाकीट आलं. बायको शैला पापड लाटत होती, पाकिटाचा डिंक सुटलेला होता, तिनं तेलाच्या हातानं ते उघडलं असणार. वाटाण्याएवढा तेलाचा डाग पडलाय आणि एका मोराची मान निळी-काळी झालीय. ती म्हणते मी उघडलंच नाही. मग डाग काय आभाळातून पडला? आज सहा दिवस मी तिच्याशी बोललेलो नाही. तुमची वस्तू मला सांभाळता आली नाही, मला क्षमा करा."

वाचता वाचताच मला माझा ठिपका आठवला. खुणेची शाई तेलात कालवलेली असते, म्हणून तर कापडावरून ती धुतली तरी जात नाही. कापडावर ती जागची हलत नाही. पण हा पातळ कागद, त्यात पावसाळी हवा आणि बंद पाकिटात चार दिवस. तेवीस वर्षं मी दुसऱ्यांचे तेलाचे डाग धरले, आणि एवढी साधी गोष्ट मला कळली नाही.

कमळानं पत्र वाचलं. ती चिडवेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्या बाईचा काय गुन्हा वो?"

मी तिथंच फोन लावला. बाईनं उचलला. "ते शाळेत गेलेत. मोबाईल घरीच असतो, ते फोनवर बोलत नाहीत." मी नाव सांगितलं. "भिवंडीचे भाऊ का? बरं झालं फोन केलात. तुम्ही तरी सांगा त्यांना, मी पाकीट उघडलं नव्हतं हो. तसंच्या तसं टेबलावर ठेवलं होतं."

"वहिनी, तुमचा दोष नाही," मी म्हणालो. "तो डाग माझा आहे." आणि शाई, टाचणी, झेरॉक्सची भीती, सगळं सांगून टाकलं.

ती हळू म्हणाली, "मग भाऊ, हे त्यांना सांगू नका."

"का?"

"माझ्यावरचा राग जाईल हो दहा-बारा दिवसांत. तुमच्यावर रागावले तर ते पत्र कुणाला लिहितील?"

आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही माझ्या मनात पहिलं हेच आलं, की ही बाई एवढी चांगली का वागतेय, हिला काय साधायचंय? मग माझी मलाच इतकी लाज वाटली की नीट निरोपही घेता आला नाही.

फोन ठेवला आणि कागद घेतला. पोस्टकार्ड नाही, चांगले चार कागद. "प्रिय मित्र धम्मपाल" असं पहिल्यांदाच लिहिलं, आणि खाली लगेच लिहिलं की शैलावहिनींनी काही केलेलं नाही, हे वाचल्याबरोबर त्यांच्याशी बोला. मग ठिपक्यापासून पुढचं सगळं लिहिलं.