पाणी तुटलेली जागा

"तीस सेकंद," असं म्हणून भिंगने फवाऱ्याची बाटली खाली ठेवली.

टेबलावरच्या काळ्या फळीवर पाण्याचा पातळ थर पसरला होता. विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला बसणारी ती फळी कार्बनच्या कापडाचे थर एकमेकांवर बसवून, दाबाच्या भट्टीत भाजून केलेली होती. लांबी माणसाएवढी, पण एका हाताने उचलता यावी इतकी हलकी. तिच्या पाठीला आता आधाराच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. खिळा नाही की स्क्रू नाही, सगळा भरवसा गोंदावर. फळी स्वच्छ असेल तर पाणी तीस सेकंद सलग राहतं. तेलकटपणाचा अंश जरी असला तरी तेवढ्या जागेवर ते तुटतं, आणि जिथे पाणी तुटतं तिथे गोंदही धरत नाही.

अकराव्या सेकंदाला डाव्या कोपऱ्यात पाणी तुटलं. अंगठ्याएवढी जागा कोरडी पडली.

"परत तिथंच," आक्का म्हणाल्या. फळ्या घासून-पुसून देण्याचं काम त्यांचं, एकोणीस वर्षांचं. "मी तीनदा पुसलीय हो."

"हात दाखवा."

आक्कांनी हातमोजे काढून हात पुढे केले. भिंगने ते खिशातल्या भिंगाखाली धरले, मग चक्क हुंगून पाहिले. साबणाचा वास होता. त्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला. इतका साबण लागतो कशाला?

खिशातल्या भिंगावरून सगळे त्याला भिंगच म्हणत; खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं. घरी दूध उतू गेलं तरी हा आधी शेगडीची उलटतपासणी घेईल, असं गोंद लावायच्या त्या खोलीतले लोक म्हणत. ते खोटंही नव्हतं. पण हा संशयच त्याची नोकरी होता, आणि ती त्याने बावीस वर्षं इमानाने केली होती. महिन्यापूर्वी चाचणीत एका फळीची पट्टी सालीसारखी सोलून निघाली, तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. साहेबांनी शुक्रवारपर्यंत कारण मागितलं होतं, नाहीतर खोलीला कुलूप आणि बारा माणसं घरी.

त्याने कुणालाच सोडलं नाही. नव्या रंगाऱ्याच्या केसांना काहीतरी लावलेलं होतं. झाडूवाला उगाच दारात घुटमळत होता. गोंद कालवणारा विचारल्यावर जरा जास्तच हसला. गुरुवारी आक्कांच्या कपाटात, डब्यामागे त्याला तेलाची छोटी बाटली सापडली.

"ती सुट्टीच्या दिवसासाठी आहे," आक्का म्हणाल्या. "आदल्या संध्याकाळी लेकीकडे जाते ना थेट इथून, तिथं डोक्याला लावते. इथं झाकणसुद्धा उघडलं नाही कधी."

"मग लपवून का ठेवली?"

"डब्यामागं ठेवली. लपवून नाही."

भिंगने अहवालात बाटलीचा उल्लेख केला. शुक्रवारी आक्का पॅकिंगला गेल्या. जाताना त्या कुणाशी भांडल्या नाहीत. आपलं पुसायचं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं, तेवढंच.

सोमवारी रंगाऱ्याने फळी पुसली. भिंगने नेहमीप्रमाणे डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबून, घासल्यावर धूळ उरली नाही ना ते पाहिलं, पाणी फवारलं आणि मोजायला लागला.

नवव्या सेकंदाला पाणी तुटलं. त्याच कोपऱ्यात, अंगठ्याएवढं.

तो बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिला. मग हातमोज्यातला आपला अंगठा त्याने हळूच तिच्यावर धरला. माप तंतोतंत जुळलं.

बायकोच्या आजारपणानंतर तिच्या पायांच्या तळव्यांना आणि पाठीला भेगा पडू लागल्या होत्या. तीन मलमं वाया गेल्यावर दीड महिन्यापूर्वी चौथं लागू पडलं. ते रोज सकाळी कामावर निघण्याआधी भिंगच लावून देई. मग दोनदा साबणाने हात धुई आणि इथे येऊन, त्याच हातांनी हातमोजे बाहेरून धरून चढवी.

त्या संध्याकाळी त्याने ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंगाखाली वाचली. पाचवं नाव सिलिकॉनचं होतं. खोलीच्या दारावर लाल अक्षरांत ज्याला बंदी होती, तेच. साबणाने ते जात नाही हे तो दरवर्षी नव्या लोकांना स्वतः शिकवत आला होता.

सकाळी त्याने बायकोसमोर हातमोजे चढवले. ती पालथी पडल्या पडल्या मान वळवून बघत राहिली.

"हे काय आता?"

"असंच. बरं असतं."

"कुणाला बरं?" तिने मान परत उशीवर टेकवली. "अहो, किळस येत असेल तर तसं सांगा. मी वाईट नाही वाटून घेणार."

दुसऱ्यांवर वर्षानुवर्षं रोखलेली ती नजर आपल्यावर आल्यावर कसं वाटतं, ते त्याला पहिल्यांदा कळलं. त्याने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि उघड्या हातांनी मलम लावायला घेतलं.

मलमाचं हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. ट्यूबचं नाव न काढता हातमोजे बनवणाऱ्यावर ठपका ठेवणं सोपं होतं. पण बाटलीचा अहवाल तसाच राहून आक्का पॅकिंगलाच राहिल्या असत्या, आणि उद्या वरती आकाशात एखादी पट्टी सुटली असती. त्याने नवा अहवाल लिहिला, आधीचा खोटा ठरवला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, हजेरीपटावरचं.

"मलम बदला की," साहेब म्हणाले.

"यानंच ती पाय टेकायला लागलीय."

"मग दुसऱ्या कुणाला लावू दे."

"दुसरं कुणी नाही साहेब."

"त्या खोलीत मग तुम्हाला पाऊल टाकता येणार नाही. बावीस वर्षं झाली तुम्हाला. विचार करा."

"केलाय," भिंग म्हणाला.

तो पॅकिंगमध्ये रुजू व्हायला गेला तेव्हा त्याची आणि आक्कांची दारातच गाठ पडली. त्या आपला डबा घेऊन परत खोलीकडे निघाल्या होत्या.

"आक्का, चुकलं माझं. फार चुकलं."

आक्कांनी डबा काखेत धरला. "हात दाखवा," त्या म्हणाल्या.

त्याने दाखवले. तळवे मऊ पडले होते, जरा चमकत होते. आक्कांनी ते उलटसुलट करून पाहिले, हुंगले मात्र नाहीत.

"वहिनी चालतात का आता?"

"मोरीपर्यंत जाते."

"जाऊ दे की मग," असं म्हणून त्या निघून गेल्या.

दुपारी खोके बांधताना त्याला काचेपलीकडे आक्का दिसल्या. त्यांनी फळीवर पाणी फवारलं आणि घड्याळाकडे पाहिलं. भिंगच्या हातातली दोरी तशीच राहिली आणि तोही मनात मोजू लागला. तीस झाले. पाणी सलग होतं. आक्कांनी मान हलवून फळी पुढे सरकवली आणि तो खोक्याला गाठ मारायला वाकला.