सहाशे छप्पन्न टेपांची फेरी

“धावणं हा माणसाचा मूळ धर्म आहे,” टेलरमास्तरांनी जाहीर केलं. “बसणं वगैरे सगळं नंतर आलं.”

एवढं बोलून ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तिथेच राहिले. बायकोने हातातली तुरपाई बाजूला ठेवली, त्यांच्या काखेत हात घातला आणि मूळ धर्माला सरळ उभं केलं.

मास्तरांचं वय अठ्ठावन्न. त्यातली पस्तीस वर्षं शिलाई मशीनपुढे बसून गेलेली. वर्षभरापूर्वी मोठ्या शहरातल्या मुलीने फोनवर सहज सांगितलं, “बाबा, इथे पानगळीत मॅरेथॉन असते. एक्केचाळिसाव्या किलोमीटरला माझ्या गॅलरीखालूनच जातात सगळे.” दुसऱ्या एखाद्या बापाने ‘हो का’ म्हणून विषय मिटवला असता. मास्तर म्हणाले, “मग पुढच्या वर्षी उभी राहा गॅलरीत. मी येतो पळत.” लेक म्हणाली, “खरंच? मी वाट बघीन हं.” आता लेक वाट बघणार म्हटल्यावर माघार कसली? शिवाय मास्तरांनी ही बातमी बटण लावायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा ऐकवून ठेवली.

लेक म्हणाली, अंतर मोजणारं घड्याळ पाठवते. मास्तरांना ते अपमानास्पद वाटलं. “माझ्या गळ्यात पस्तीस वर्षं टेप आहे, ती काय शोभेला? माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही.” आणि खरोखरच एका सकाळी त्यांनी तळ्याभोवतीची वाट आपल्या साठ इंची कापडी टेपने मोजली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं बायकोच्या. प्रत्येक टेपेला बायकोने वाकून खडूची रेघ मारायची. सहाशे छप्पन्न टेपा झाल्या आणि एक किलोमीटर भरला. तिथे मास्तरांनी झाडाला लाल चिंधी बांधली; तिथवर एक फेरी. एकूण पाहता त्या दिवशी व्यायाम बायकोला झाला.

तळ्याकाठच्या बाकावर जजसाहेब बसत. निवृत्त न्यायाधीश, मास्तरांचे जुने गिऱ्हाईक. हातात घड्याळ धरून ते फेऱ्यांची वेळ वहीत लिहून घेत. गृहस्थ करडे, पण एका बाबतीत हळवे होते. त्यांची कंबर छत्तीस होती. गेली अठरा वर्षं छत्तीस. मास्तरांनी दर हिवाळ्याला माप घ्यायचं, “छत्तीस!” म्हणून पुकारायचं आणि जजसाहेबांनी चारचौघांकडे बघायचं. तयार कपड्यांच्या दुकानातली छत्तीसची पँट त्यांना चढत नसे. तो कारखानदारांचा अप्रामाणिकपणा, असा त्यांचा निकाल होता.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तळ्याकाठची झाडं पिवळी पडू लागली. मास्तर आता सलग तीस फेऱ्या मारत होते. दम टिकत होता, गुडघे फार कुरकुरत नव्हते. अडचण वेगळीच होती. शर्यत सहा तासांची. सहा तास संपले की रस्ते मोकळे करतात आणि मागून येणारी बस रेंगाळलेल्यांना उचलून नेते. वही पाहून जजसाहेबांनी गणित केलं. “मास्तर, या वेगाने तुम्हाला सहा तास दहा मिनिटं लागतात.”

“दहाच मिनिटं ना?”

“बसवाल्याला सांगून बघा.”

मास्तरांनी पुढचे तीन आठवडे जिवाचं रान केलं. दहाची दहा राहिली. रात्री डोळे मिटले की त्यांना एकच चित्र दिसे: लेक गॅलरीत उभी आहे आणि आपण बसच्या खिडकीतून हात हलवतोय. शर्यतीला बारा दिवस उरले तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, पाय मुरगळला म्हणून सांगायचं. दुकानात थोडं लंगडूनही पाहिलं.

“अहो,” मशीनवरून मान वर न करता बायको म्हणाली, “सकाळी डावा पाय होता.”

मास्तर खाली बसले. बायकोने मग चिडवलं नाही.

इतक्यात दाताच्या डॉक्टरीणबाई पडद्यांचा गठ्ठा घेऊन दुकानात शिरल्या. जजसाहेबही तिथेच बसले होते.

“मास्तर, पडदे जमिनीवर लोळताहेत. मी साठ इंच लिहून दिलं होतं.”

“साठच आहेत. तुमची जमीन वर आली असेल.”

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून लोखंडी पट्टीची टेप काढली आणि पडद्याला लावली. बासष्ट. मास्तर हसले. “लोखंडाला काय कळतंय कापडातलं?” मग बायको उठली. तिने मास्तरांच्या गळ्यातली टेप काढली, लोखंडी टेपेशेजारी टेबलावर पसरली आणि दोन्ही टोकांवर बोटं ठेवली. कापडी टेपेचा साठचा आकडा लोखंडी टेपेच्या बासष्टावर जाऊन निवांत पडला होता.

पस्तीस वर्षं पोटांभोवती आवळून आवळून टेप ताणली गेली होती. कुणाला पत्ता लागला नाही, कारण अंगाचं माप त्याच टेपेने आणि कापडही त्याच टेपेने. चूक दोन्हीकडे सारखी, त्यामुळे कपडे झकास बसत. डॉक्टरीणबाईंनी घरून स्वतःचं माप आणलं म्हणून घात झाला.

मास्तरांचा चेहरा उतरला. “म्हणजे मी पस्तीस वर्षं...”

“थांबा हो जरा,” बायको म्हणाली. तिने खडू घेतला आणि टेबलावरच आकडे मांडले. “सहाशे छप्पन्न वेळा वाकलेय मी. दर टेपेला दोन इंच. म्हणजे प्रत्येक फेरीत तुम्ही तेहतीस मीटर जास्तीचे पळत होतात.”

जजसाहेबांनी सवयीने वही उघडली, चष्मा पुसला, दोनदा भागाकार केला. “पाच तास अठ्ठावन्न मिनिटं,” ते म्हणाले आणि मग का कोण जाणे, त्यांचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला.

मास्तर उठले. दोन्ही पायांवर व्यवस्थित उठले. “डॉक्टरीणबाई, पडदे ठेवून जा. उद्या नवीन टेपेने आखूड करून देतो. आणि चूक माझी आहे.” पस्तीस वर्षांत हे वाक्य त्या दुकानात प्रथमच उच्चारलं गेलं. बायकोने कॅलेंडरवरची तारीख बघून ठेवली.

शर्यतीच्या सकाळी छातीवरचा क्रमांक लावायला निम्मी गर्दी पिना शोधत होती. मास्तरांनी आपला क्रमांक शर्टावर शिवूनच आणला होता, चारी बाजूंनी, दुहेरी टीप घालून. मग ते धावले. पंचविसाव्या किलोमीटरला त्यांना लोक मागे टाकून जायला लागले, तिसाव्याला म्हाताऱ्याही. पस्तिसाव्यानंतर मागे बसचं इंजिन ऐकू येऊ लागलं. एक्केचाळिसाव्याला वरून ओळखीचा आवाज आला, “बाबा, मागे बघू नका, पळा!” हात वर करायचं मास्तरांच्या फार मनात होतं, पण हात वर गेला असता तर बाकीचं शरीर खाली आलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. ती वरून दिसली, असं लेक अजून सांगते.

पाच तास एकोणसाठ मिनिटं.

बायकोने त्यांना धरलं. गळ्यात, जिथे टेप असायची तिथे, पदक होतं. मास्तरांचे डोळे भरून आले. बायकोचेही आले, पण तिने घामाचं निमित्त केलं.

तेवढ्यात गर्दीतून जजसाहेब आले. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि मास्तरांच्या कानाशी वाकले.

“मास्तर, ती जुनी टेप टाकून नाही ना दिलीत?”

“नाही अजून. का?”

“हिवाळ्याची पँट शिवायचीय,” जजसाहेब म्हणाले. “माझं माप तेवढं तिनेच घ्या.”